खालच्या दाढेची भूल: ब्लॉक देण्यापासून दाढ काढेपर्यंत

खालच्या जबड्यातील दाढ काढताना रुग्ण कळवळला, तर दोष बहुधा औषधाचा नसतो. औषध जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचलेले नसते, किंवा पोहोचूनही त्याला काम करायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. वरच्या जबड्यात ही अडचण क्वचित येते. तिथल्या हाडाची बाहेरची भिंत पातळ व सच्छिद्र असते, त्यामुळे मुळाच्या टोकाजवळ टोचलेले औषध हाडातून झिरपून मज्जातंतूच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जाते. यालाच इन्फिल्ट्रेशन म्हणतात. प्रौढ माणसाच्या खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड आणि घट्ट असते. तिथे केवळ इन्फिल्ट्रेशनवर विसंबता येत नाही. मज्जातंतू हाडात शिरण्याआधीच त्याला गाठावे लागते. म्हणून इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉक हे दंतविद्यार्थ्याने सर्वांत काळजीपूर्वक शिकण्याचे इंजेक्शन आहे. दंतचिकित्सेतील नेहमीच्या ब्लॉकमध्ये फसण्याचे प्रमाणही याचेच सर्वांत जास्त आहे: अनुभवी हातांतही ते 15 ते 20 टक्क्यांच्या घरात धरले जाते.

या ब्लॉकचा इतिहास स्थानिक भुलीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. 1884 साली कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा उपयोग दाखवून दिला. लगोलग अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून तो भाग बधिर केला. स्वतःवर प्रयोग करता करता त्यांना कोकेनचे व्यसन जडले. व्यसन न लावणाऱ्या औषधाचा शोध पुढे प्रोकेनपर्यंत पोहोचला आणि 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. 1948 पासून बाजारात असलेले हे औषध आजही भारतातील दंतमहाविद्यालयांच्या ओपीडीत रोज वापरले जाते.

लिग्नोकेन मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमच्या वाहिन्या बंद करते. सोडियम आत येऊ शकला नाही, की वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. मात्र ही वाहिनी औषध आतल्या बाजूने बंद करते आणि आत जाण्यासाठी त्याला आधी मेदयुक्त आवरण ओलांडावे लागते. आवरण ओलांडते ते विद्युतभाररहित रूप, वाहिनीला चिकटते ते भारित रूप. लिग्नोकेनचा पीकेए सुमारे 7.9 आहे. शरीराच्या 7.4 या नेहमीच्या सामूला त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा भाररहित असतो. पू झालेल्या, सुजलेल्या ऊतीत सामू घसरतो. तो 6.4 पर्यंत उतरला, तर भाररहित हिस्सा फक्त 3 टक्के उरतो. गळू झालेल्या दाढेच्या शेजारीच औषध टोचत राहिले तर भूल का चढत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. शिवाय दाह झालेल्या भागातील मज्जातंतू अधिक संवेदनशील झालेले असतात आणि तिथला वाढलेला रक्तपुरवठा औषध लवकर वाहून नेतो. अशा वेळी संसर्गाच्या जागेपासून दूर, निरोगी ऊतीत ब्लॉक देणे हा तर्कशुद्ध उपाय ठरतो. पुवातून सुई नेल्याने संसर्ग आत ढकलला जाण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

लिग्नोकेन स्वतः रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून त्यात अॅड्रेनॅलिन मिसळतात. त्यामुळे औषध जागेवर अधिक वेळ टिकते, रक्तात हळूहळू जाते आणि इन्फिल्ट्रेशनच्या जागी रक्तस्रावही कमी होतो. बाटलीवरचे आकडे विद्यार्थ्याला तोंडपाठ असलेच पाहिजेत. 2 टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम. 1:80,000 अॅड्रेनॅलिन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये 12.5 मायक्रोग्रॅम, तर 1:2,00,000 म्हणजे 5 मायक्रोग्रॅम. अॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलो वजनामागे 7 मिलिग्रॅम आणि एकूण 500 मिलिग्रॅम अशी सांगितली जाते. अॅड्रेनॅलिन नसेल तर दर किलोमागे 4.4 मिलिग्रॅम आणि एकूण 300 मिलिग्रॅम. मुलांसाठी अॅड्रेनॅलिन असले तरी 4.4 मिलिग्रॅमचीच मर्यादा पाळणे शहाणपणाचे आहे.

हे गणित सुई उचलण्याआधी कागदावर करावे. 15 किलो वजनाच्या मुलासाठी 66 मिलिग्रॅम, म्हणजे केवळ 3.3 मिलिलिटर ही मर्यादा होते. दोन्ही बाजूंचे ब्लॉक आणि थोडे इन्फिल्ट्रेशन एवढ्यात ती गाठली जाऊ शकते. 60 किलोच्या प्रौढासाठी लिग्नोकेनच्या हिशेबाने 21 मिलिलिटर चालतील असे दिसते. पण निरोगी प्रौढासाठी एका बैठकीत अॅड्रेनॅलिनची मर्यादा 200 मायक्रोग्रॅम धरतात आणि 1:80,000 द्रावणात ती 16 मिलिलिटरलाच संपते. हृदयविकाराच्या रुग्णात हीच मर्यादा 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे 3.2 मिलिलिटर. एक खालची दाढ काढायला नीट दिलेले दोन-अडीच मिलिलिटर पुरतात, त्यामुळे आजार आटोक्यात असलेल्या बहुतेक हृदयरुग्णांना अॅड्रेनॅलिनयुक्त औषध काळजीपूर्वक देता येते. अर्धवट भुलीत दाढ ओढल्यास वेदनेने रुग्णाच्या शरीरातच अॅड्रेनॅलिन उसळते आणि अशा हृदयाला ते अधिक महाग पडू शकते. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखण्याचा त्रास अस्थिर असेल, तर तातडीचे नसलेले काम पुढे ढकलावे आणि हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

रुग्णाला पूर्वीचे आजार विचारताना ‘काही त्रास आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. रोजच्या गोळ्या दाखवायला सांगावे. रक्त पातळ होण्यासाठी अॅस्पिरिन घेणाऱ्याने एका साध्या दातासाठी ती आपणहून बंद करू नये. स्थानिक उपायांनी रक्त थांबवता येते. वॉरफेरिन घेणाऱ्याचा आयएनआर ताजा असावा. हाडे ठिसूळ झाल्यामुळे बिस्फॉस्फोनेट घेणारे आणि जबड्यावर किरणोपचार झालेले रुग्ण विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घेऊ नयेत, कारण त्यांच्यात जखम न भरता हाड मृत होण्याची भीती असते. मधुमेही रुग्ण जेवून आणि औषध घेऊन आला आहे का, हा प्रश्न तर कधीच चुकवू नये. सकाळपासून उपाशी राहून, इन्सुलिन मात्र टोचून येणारे रुग्ण भेटतात आणि त्यांना खुर्चीतच साखर कमी झाल्याचा त्रास होऊ शकतो.

आता प्रत्यक्ष ब्लॉक. जबड्याच्या उभ्या भागाच्या, म्हणजे रॅमसच्या, आतल्या बाजूस मँडिब्युलर फोरॅमेन हे छिद्र असते आणि त्याच्या पुढे लिंग्युला नावाचे हाडाचे लहान टोक असते. मज्जातंतू छिद्रात शिरण्याआधी टेरिगोमँडिब्युलर स्पेस या पोकळीतून खाली येतो. लिंग्वल मज्जातंतू त्याच्या थोडा पुढे आणि आतल्या बाजूला असतो, सोबत धमनी आणि शीर असतात. औषध लिंग्युलाच्या जरा वर, मज्जातंतू हाडात शिरण्याआधी सोडायचे असते. तोंड पूर्ण उघडल्यावर डाव्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी गालाच्या आतून रॅमसच्या पुढच्या कडेवरील कोरोनॉइड खाचेत ठेवावी. या खाचेतून मागे टेरिगोमँडिब्युलर रॅफे या उभ्या पट्टीपर्यंत खालच्या दाढांच्या ऑक्लुजल प्लेनला समांतर रेषा कल्पावी. प्रौढात ती ऑक्लुजल प्लेनपासून 6 ते 10 मिलिमीटर वर येते. खाचेपासून रॅफेकडे पाऊण अंतरावर सुई टोचायची. लहान मुलात फोरॅमेन खाली, ऑक्लुजल प्लेनच्या जवळपास किंवा त्याच्याही खाली असते, म्हणून तिथे सुईही खाली ठेवावी लागते.

सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवरून येते. पुष्कळ महाविद्यालयांत कार्ट्रिज सिरिंजऐवजी साधी डिस्पोजेबल सिरिंज आणि दीड इंची सुई वापरतात. कोणतीही सुई वापरली तरी ती वाकवू नये आणि मुठीपर्यंत आत घालू नये, कारण सुई बहुधा मुठीपाशीच तुटते. 20 ते 25 मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागायला हवे. या सगळ्या कृतीत हाडाचा स्पर्श हाच सर्वांत भरवशाचा खुणेचा दगड आहे. तो लागेपर्यंत औषध सोडायचे नाही, हा नियम शिकताना तरी मोडू नये.

हाड फार लवकर, सुई अर्धीही आत जाण्याआधी लागले, तर टोक फार पुढे आहे. सुई थोडी मागे घ्यावी, सिरिंज विरुद्ध बाजूच्या सुळ्याकडे, म्हणजे तोंडाच्या पुढच्या भागाकडे सरकवावी आणि सुई पुन्हा आत न्यावी. हाड लागतच नसेल, तर टोक फार मागे, आतल्या बाजूला गेले आहे. तेव्हा सुई मागे घेऊन सिरिंज दाढांकडे न्यावी. हाड न लागताही तसेच औषध सोडले, तर ते पॅरोटिड ग्रंथीत जाऊन चेहऱ्याच्या मज्जातंतूला काही तास बधिर करू शकते: एका बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. औषध उतरल्यावर हे पूर्ववत होते. तोवर रुग्णाला धीर द्यावा, डोळ्यातली काँटॅक्ट लेन्स काढायला सांगावी आणि डोळा कोरडा पडू देऊ नये.

हाड लागले, की सुई 1 मिलिमीटर मागे घेऊन दट्ट्या हलकेच ओढावा. या जागी शंभरातल्या दहा ते पंधरा वेळा सिरिंजमध्ये रक्त येते, इतक्या जवळ वाहिन्या आहेत. रक्त आले तर जागा बदलून पुन्हा पाहावे. सुईचे तोंड वाहिनीच्या भिंतीला टेकलेले असू शकते, म्हणून सिरिंज किंचित फिरवून दुसऱ्यांदा खात्री करणे चांगले. मग सुमारे 1.5 मिलिलिटर औषध एका मिनिटात सावकाश सोडावे. घाईने ढकललेल्या औषधाने ऊती फाटतात, दुखते, आणि सुई चुकून वाहिनीत असेल तर औषध एकदम रक्तात जाते. अर्धी सुई मागे घेऊन पुन्हा दट्ट्या ओढून पाहावा आणि लिंग्वल मज्जातंतूसाठी थोडे औषध सोडावे. गालाकडच्या हिरडीची संवेदना लाँग बक्कल मज्जातंतूकडे असते. तो या ब्लॉकने बधिर होत नाही, म्हणून शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या बाजूला पाव मिलिलिटर वेगळे टोचावे. हे विसरले, की दाढ बधिर असूनही चिमटा हिरडीला लागताच रुग्ण दचकतो.

त्यानंतर थांबणे. निदान तीन ते पाच मिनिटे रुग्णाजवळ उभे राहून बोलत राहावे. इंजेक्शन देऊन रुग्णाला बाहेर बाकावर पाठवण्याची पद्धत गर्दीच्या ओपीडीत सोयीची वाटते, पण चक्कर, घबराट किंवा विषबाधेची पहिली लक्षणे नेमक्या याच मिनिटांत दिसतात. खालचा ओठ त्या बाजूला मध्यापर्यंत जड आणि सुन्न होणे ही ब्लॉक लागल्याची खूण. जिभेचे टोक सुन्न झाले एवढ्यावर समाधान मानू नये, कारण लिंग्वल मज्जातंतू एकटाच बधिर झालेला असू शकतो. शेवटची परीक्षा टोकदार प्रोबने हिरडीभोवती करावी. रुग्णाला ‘दाबल्यासारखे वाटेल, पण टोचल्यासारखे दुखले तर हात वर करा’ असे आधीच सांगावे. भूल वेदना घालवते. दाबाची जाणीव बऱ्याचदा उरते. हा फरक माहीत नसलेला रुग्ण दाबालाच वेदना समजून घाबरतो.

ओठ सुन्न झालाच नाही, तर ब्लॉक पुन्हा द्यावा, पण त्याच जागी त्याच रीतीने नव्हे. उंची कमी पडली होती का, हाड लागले होते का, हे आधी आठवावे. बहुतेक वेळा सुई खाली पडलेली असते. ओठ पूर्ण सुन्न आहे, पण दाढ दुखते, तर प्रश्न वेगळा आहे. मायलोहायॉइड मज्जातंतूची जादा फांदी पहिल्या दाढेला संवेदना पुरवत असू शकते. तेव्हा जिभेच्या बाजूला थोडे औषध टोचल्याने काम होते. दात धरणाऱ्या अस्थिबंधात थेट दिलेले औषध किंवा गालाच्या बाजूने 4 टक्के आर्टिकेनचे इन्फिल्ट्रेशन हेही उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज गो-गेट्स यांनी 1973 मध्ये सांगितलेल्या ब्लॉकमध्ये औषध थेट काँडाइलच्या मानेजवळ सोडतात, त्यामुळे वरच्या बाजूने फुटणाऱ्या फांद्याही पकडल्या जातात. ज्याचे तोंड उघडतच नाही, त्याच्यासाठी वझिरानी आणि अकिनोसी यांच्या नावाने ओळखला जाणारा, तोंड मिटलेले असताना द्यायचा ब्लॉक शिकून ठेवावा.

खुर्चीत सर्वाधिक वेळा घडणारा प्रसंग म्हणजे भोवळ. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, नाडी मंदावते. काम थांबवून खुर्ची आडवी करावी, पाय उंच करावेत, श्वासमार्ग मोकळा ठेवावा. इंजेक्शनच मुळात रुग्णाला मागे झुकवून दिले, तर अशा पुष्कळ भोवळी टळतात. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घणघण, असंबद्ध बोलणे, मग झटके, ही औषध रक्तात जास्त झाल्याची लक्षणे आहेत. प्राणवायू देऊन ताबडतोब मदत मागवावी; झटक्यांवर उपचार आणि 20 टक्के लिपिड इमल्शन देण्याची सोय असलेल्या विभागाचा नंबर भिंतीवर लावलेला असावा. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी विरळा. पुष्कळदा ‘अॅलर्जी’ म्हणून सांगितलेली घटना ही भोवळ किंवा अॅड्रेनॅलिनमुळे वाढलेली धडधड असते. तरीही अंगावर गांधी, धाप आणि रक्तदाब कोसळणे एकत्र दिसले, तर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत 1:1000 अॅड्रेनॅलिन, प्रौढासाठी 0.5 मिलिग्रॅम, विनाविलंब द्यावे. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवू नये. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने त्यात सुई सरकवावी आणि ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवून लगेच कळवावे; एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितके चांगले, आणि 72 तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही.

भूल चढल्यावर, चिमटा लावण्याआधी, एक्स-रे आणि दाताचा क्रमांक पुन्हा पाहावा आणि रुग्णाकडूनही खात्री करून घ्यावी. खालच्या उजव्या बाजूसाठी उजव्या हाताचा दंतवैद्य रुग्णाच्या मागे उजवीकडे उभा राहतो, डाव्या बाजूसाठी समोर उजवीकडे. रुग्णाचे तोंड कोपराच्या थोडे खाली असावे, म्हणजे जोर खांद्यातून येतो आणि मनगट मोकळे राहते. दुसऱ्या हाताने जबडा खालून आधारून धरावा, नाहीतर सगळा भार जबड्याच्या सांध्यावर पडतो. चिमट्याची टोके हिरडीखाली, मुळांच्या फाट्यापर्यंत ढकलून मगच हलवायला सुरुवात करावी. दाढ ओढून निघत नाही. हाडाची खोबण हळूहळू रुंदावली की ती मोकळी होते. म्हणून गालाकडे आणि जिभेकडे सावकाश दाब देत, प्रत्येक टोकाला काही क्षण थांबत पुढे जावे. पिळा देण्याची हालचाल एकाच शंकूसारख्या मुळाच्या दाताला शोभते, जसे वरचे मधले पटाशीचे दात. दोन मुळांच्या खालच्या दाढेला ती मुळे मोडण्यासाठीच पुरेशी होते. एलिव्हेटर वापरताना टेकू हाडाचा घ्यावा, शेजारच्या दाताचा कधीच नाही.

दाढ पुरेशा दाबाने हलतच नसेल तर जोर वाढवू नये, पद्धत बदलावी. हिरडीचा पडदा उचलून, गालाकडचे थोडे हाड काढून, दाढेची दोन मुळे वेगळी करून एकेक काढणे हे जबडा फोडण्यापेक्षा सुरक्षित असते. पडद्याचा पाया त्याच्या टोकापेक्षा रुंद असावा, म्हणजे रक्तपुरवठा टिकतो. टाके नंतर निरोगी हाडावर येतील अशा बेताने छेद घ्यावा. बर चालवताना सलाइनची धार सतत हवी, कारण 47 अंश सेल्सिअसला एक मिनिट तापलेल्या हाडाचीही हानी होते. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला लिंग्वल मज्जातंतू हाडाला चिकटून असतो, म्हणून तिकडे बर नेऊ नये.

काढल्यावर मुळे पूर्ण आली का ते पाहून, खोबणीतले दाणेदार ऊतक हलक्या हाताने काढून, दोन्ही भिंती बोटांनी दाबून घ्याव्यात. गॉझचा घट्ट बोळा अर्धा ते पाऊण तास चावून ठेवायला सांगावे. सूचना तोंडी आणि लेखी, रुग्णाच्या रोजच्या भाषेत द्याव्यात: आज चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, गरम चहा नाही, विडी, तंबाखू आणि मिसरी तर मुळीच नाही, उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या. भूल उतरेपर्यंत ओठ चावला जाऊ नये, हे मुलांच्या पालकांना बजावून सांगावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ आणि खोबणीत गुठळी नसणे म्हणजे ड्राय सॉकेट. त्यात प्रतिजैविकापेक्षा सलाइनने धुणे, वेदनाशामक पट्टी भरणे आणि पुन्हा तपासणी हे उपयोगाचे. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ सुन्न असल्याचे रुग्णाने सांगितले, तर सुन्न भागाची सीमा प्रोबने तपासून त्याची आकृती केसपेपरवर काढावी, तारीख घालावी आणि काही आठवड्यांच्या अंतराने तीच तपासणी पुन्हा करून आकृत्यांची तुलना करावी. सीमा आक्रसत नसेल तर रुग्णाला मुख-जबडा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.